दुसऱ्या झेंड्याचा तपास

ऑगस्ट उजाडला की बारामतीच्या स्टेशनरीच्या दुकानांबाहेर तक्ते लटकू लागतात. फळं, प्राणी, शरीराचे अवयव यांच्या जोडीला 'राष्ट्रध्वजाचा विकास' असा एक तक्ता असतो. त्यावर ओळीनं सहा झेंडे. शाळा कुठलीही असो, बारामती शहरात मिसळून गेलेल्या जळोचीतली किंवा इंदापूरकडच्या एखाद्या वस्तीवरची, पंधरा ऑगस्टच्या सुमारास हा तक्ता भिंतीवर येतोच. या भागाला तसे झेंडे नवखे नाहीत. तुकोबांची पालखी बारामतीत मुक्काम करून इंदापूरकडे निघते, तेव्हा आठ-दहा वर्षांची पोरंसुद्धा खांद्यावर भगवी पताका घेऊन मैलभर चालतात. झेंडा जमिनीला टेकू द्यायचा नाही, हे त्यांना ध्वजसंहितेनं नव्हे, आजीनं शिकवलेलं असतं.

तपास सुरू होतो तो या तक्त्यातल्या दुसऱ्या चित्रापासून. दोन वेगवेगळ्या छापखान्यांचे तक्ते शेजारी धरून पाहा. तिसऱ्या झेंड्यापासून पुढचे सगळे जुळतात. टिळक आणि अ‍ॅनी बेझंट यांच्या होमरूलचा १९१७ चा, गांधीजींचा १९२१ चा, चरख्याचा १९३१ चा आणि आजचा अशोकचक्राचा. पहिल्या झेंड्यात फार तर रंगांचा क्रम मागेपुढे झालेला दिसतो. दुसऱ्यात मात्र सरळसरळ दोन वेगळे झेंडे असतात. एका तक्त्यावर वरच्या पट्ट्यात एक कमळ आणि सात तारे. दुसऱ्यावर हिरव्या पट्ट्यात ओळीनं आठ कमळं. खाली नाव तेच : मादाम कामा, १९०७.

एकाच बाईंनी एकाच वर्षी फडकवलेला एकच झेंडा दोन प्रकारचा असणार नाही. कोणीतरी चुकलंय.

पहिला साक्षीदार म्हणजे छापील मजकूर. सरकारी पुस्तिकांपासून स्पर्धा परीक्षांच्या गाइडांपर्यंत वर्षानुवर्षं एकच परिच्छेद फिरतो आहे. त्याचा आशय असा : दुसरा झेंडा मादाम कामा आणि त्यांच्या हद्दपार सहकाऱ्यांनी १९०७ मध्ये, काहींच्या मते १९०५ मध्ये, पॅरिसला फडकवला. तो पहिल्यासारखाच होता, फक्त वरच्या पट्ट्यात एकच कमळ आणि सप्तर्षींचे सात तारे होते. पुढे तो बर्लिनच्या समाजवादी परिषदेतही दाखवला गेला.

साक्षीदाराला उलटतपासणीत उभं केलं की पहिल्याच प्रश्नाला तो अडखळतो. १९०५ कसं शक्य आहे? हा झेंडा 'पहिल्यासारखाच' होता म्हणायचं, तर पहिला झेंडा आधी असायला हवा. तो कोलकात्याच्या पारशी बागान चौकात फडकला ७ ऑगस्ट १९०६ रोजी. बंगालची फाळणी १६ ऑक्टोबर १९०५ ला अमलात आली, तिच्याविरुद्धच्या स्वदेशी-बहिष्काराच्या लाटेतून तो झेंडा आला. त्यावरही आठ कमळं होती आणि मधल्या पट्ट्यात, बंगाली माणसांनी बंगालमध्ये काढलेला झेंडा असूनही, देवनागरीत 'वन्दे मातरम्' होतं. धाकट्या भावाचा जन्म थोरल्याच्या आधीचा लावणारा दाखला ग्रामसेवकसुद्धा परत पाठवील. शिवाय कामाबाईंच्या झेंड्याच्या रचनेत ज्यांचा हात होता असं सांगतात, ते विनायक दामोदर सावरकर लंडनला पोचले तेच १९०६ च्या मध्यावर.

दुसरा प्रश्न बर्लिनचा. समाजवाद्यांच्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या परिषदा कुठे-कुठे भरल्या याची यादी उपलब्ध आहे : पॅरिस १८८९, ब्रुसेल्स १८९१, झुरिक १८९३, लंडन १८९६, पुन्हा पॅरिस १९००, अ‍ॅमस्टरडॅम १९०४, स्टुटगार्ट १९०७, कोपनहेगन १९१०, बासल १९१२. या यादीत बर्लिन नाही. मग ते आलं कुठून? पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतीय क्रांतिकारकांची समिती बर्लिनमध्ये काम करत होती. 'जर्मनीत झेंडा फडकला' या आठवणीला नंतरच्या लेखकानं जर्मनीतलं सर्वांत ओळखीचं नाव जोडलं असावं, असा माझा तर्क आहे. पॅरिसचंही तसंच. कामाबाई राहायच्या पॅरिसला, म्हणून झेंडाही तिथलाच ठरला.

यादीतलं स्टुटगार्ट मात्र पक्कं आहे. १८ ते २४ ऑगस्ट १९०७. पंचवीस राष्ट्रांचे ८८४ प्रतिनिधी. लेनिन आले होते, रोझा लक्झेंबर्ग होत्या, फ्रान्सचे जां जोरेस होते, इंग्लंडहून हिंडमन आणि रॅम्से मॅकडोनाल्ड. त्या गर्दीत २२ ऑगस्टला साडी नेसलेली, पंचेचाळिशीची एक पारशी बाई बोलायला उभी राहिली. भिकाजी रुस्तुम कामा. मुंबईच्या सधन घरातली. १८९६ च्या प्लेगात मुंबईत रुग्णांची शुश्रूषा करता करता ती स्वतःच आजारी पडली होती, आणि १९०२ मध्ये प्रकृतीसाठी म्हणून युरोपला गेली ती तिकडेच राहिली. तिच्या सोबतीला क्रांतिकारक सहकारी सरदारसिंह राणा होते.

तिथे पोचणंही सोपं नव्हतं. बऱ्याच ब्रिटिश प्रतिनिधींना हिंदुस्थानचा वेगळा आवाज नको होता, मॅकडोनाल्ड यांचा तर उघड विरोध. हिंदुस्थानचा आवाज या परिषदांना अगदीच नवा नव्हता. तीन वर्षांपूर्वी अ‍ॅमस्टरडॅमच्या परिषदेत दादाभाई नौरोजी बोलले तेव्हा सभागृह आदरानं उभं राहिलं होतं. दादाभाईंनी लुटीचा हिशेब मांडला होता. कामाबाईंना हिशेबापुढे जायचं होतं. ब्रिटिश राज्याचा धिक्कार करणारा ठराव त्यांनी वाचला. तो आधी परिषदेच्या ब्युरोकडे रीतसर दिलेला नव्हता या कारणावरून मताला टाकला गेला नाही. जोरेस आणि हिंडमन त्यांच्या बाजूनं होते. ठराव अडला, पण भाषण कोणी अडवू शकलं नाही. भाषणाच्या शेवटी त्यांनी एक झेंडा उलगडला आणि समोरच्या प्रतिनिधींना सांगितलं की हा हिंदी स्वातंत्र्याचा ध्वज आहे, उठून त्याला वंदन करा.

हा प्रसंग घडला तेव्हा पुण्यात शनिवारवाड्यावरचा मराठी झेंडा उतरून नव्वद वर्षं होत आली होती. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या लढाईत जरीपटका घेऊन निघताना त्याची काठीच मोडल्याचं ग्रँट डफनं नोंदवलं आहे. जरीपटका ज्यांच्याकडे होता ते मोरो दीक्षित त्याच दिवशी पडले. आणि १७ नोव्हेंबरला इंग्रजांना मिळालेल्या बाळाजीपंत नातूंनी शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढवला. पुण्यातली जुनी माणसं अजून नातूंचं नाव घेताना तोंड वाकडं करतात.

हा सगळा पुण्याचा इतिहास मध्येच आणायचं कारण आहे. शनिवारवाड्यापासून नारायण पेठेत चालत गेलं तर केसरीवाडा येतो. हा मूळचा गायकवाडांचा वाडा, टिळकांनी १९०५ मध्ये विकत घेतला. तपासातला मुख्य साक्षीदार तिथे आहे, आणि तो कागद नाही, कापड आहे. स्टुटगार्टला उलगडलेला झेंडा गुजरातचे समाजवादी नेते इंदुलाल याज्ञिक यांनी ब्रिटिशांच्या नजरेआड हिंदुस्थानात आणला आणि तो केसरीवाड्यात विसावला. याज्ञिक १९३० च्या दशकात युरोपात होते. युरोपातले भारतीय क्रांतिकारक श्यामजी कृष्णवर्मा यांचं चरित्र त्यांनी लिहिलं ते १९५० मध्ये बाहेर आलं, म्हणजे त्या वर्तुळातल्या माणसांत आणि कागदपत्रांत त्यांचा चांगलाच वावर होता. गंमत अशी की पुढे मुंबई राज्यातून वेगळा गुजरात मिळावा म्हणून महागुजरातचं आंदोलन उभं करणारे हेच इंदुलाल. झेंडा मात्र पुण्याच्या पदरात पडला.

टिळकांना तो पाहायला मिळाला नाही. स्टुटगार्टच्या वेळी ते याच वाड्यातून 'केसरी' चालवत होते. पुढच्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात त्यांची मंडालेला रवानगी झाली. १९२० मध्ये ते गेले आणि त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी झेंडा त्यांच्या घरी आला.

कापड काय सांगतं? वर हिरवा पट्टा. मधला, कोणी पिवळा म्हणतं, कोणी केशरी. खालचा लाल. मधल्या पट्ट्यावर 'वन्दे मातरम्'. लाल पट्ट्यावर सूर्य आणि चंद्रकोर. आणि हिरव्यात आठ कमळं. सात तारे नाहीत, एकटं कमळही नाही.

आठच का, याचं सर्वमान्य उत्तर आहे की तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानचे आठ मोठे प्रांत. मोजून पाहावंसं वाटलं. मुंबई, मद्रास, बंगाल, पूर्व बंगाल व आसाम, संयुक्त प्रांत, पंजाब, मध्य प्रांत व वऱ्हाड, ब्रह्मदेश. झाले आठ. पण थांबा. यात फाळणीनंतरचा बंगाल दोनदा आला. फाळणीचा निषेध म्हणून जन्मलेल्या झेंड्यानं फाळणी मान्य केली की काय? तर तसंही नाही. फाळणीच्या आधीची यादी घेतली तरी बेरीज आठच येते : बंगाल अखंड धरायचा आणि आसाम स्वतंत्र. लॉर्ड कर्झननं प्रांत कापले आणि जोडले, पण एकूण संख्या जिथल्या तिथे राहिली. त्यामुळे झेंड्यावरची कमळं कर्झनच्या आधीची मोजायची की नंतरची, हा वाद घालायची सोयच उरत नाही.

या हिशेबात जळोची मुंबई प्रांताच्या कमळात येते, पुणे जिल्ह्याबरोबर. नागपूर-अमरावती दुसऱ्या कमळात. आणि कोल्हापूर? बडोदा? निजामाच्या राज्यातला मराठवाडा? त्यांना कमळच नाही. प्रांत मोजले की संस्थानं सुटतात. ब्रिटिशांना घालवायला निघालेल्या झेंड्यानं देशाचा नकाशा मात्र ब्रिटिशांच्याच दप्तरातून घेतला होता, हे मला त्या कमळांमधलं सर्वांत बोलकं वाटतं. ब्रह्मदेशालाही त्यात एक कमळ मिळालं. तो १९३७ मध्ये हिंदुस्थानापासून वेगळाच केला गेला.

झेंड्यावर मोजणी काढली की ही अडचण येतेच. अमेरिकेनं राज्यांमागे एक तारा धरला आणि झेंडा सव्वीस वेळा बदलला. पन्नास ताऱ्यांचा आजचा झेंडा १९६० पासूनचा, सत्ताविसावा. युरोपीय संघ शहाणा निघाला. त्याच्या झेंड्यावर बाराच तारे आहेत आणि त्यांचा सदस्यसंख्येशी संबंध नाही, म्हणून कोणी आलं-गेलं तरी शिंप्याला बोलवावं लागत नाही.

मग सात तारे आले कुठून? तक्त्यावरच पुढच्या, तिसऱ्या झेंड्याकडे पाहा. १९१७ चा होमरूलचा झेंडा : पाच लाल आणि चार हिरवे पट्टे, वरच्या कोपऱ्यात युनियन जॅक, दुसऱ्या कोपऱ्यात चंद्रकोर आणि तारा, आणि अंगभर सप्तर्षींच्या मांडणीत सात तारे. सप्तर्षी तिथे ठळकपणे आहेत. वर्णन करताना कोणाच्या तरी हातून ते शेजारच्या झेंड्यावर सांडले आणि नंतरच्या प्रत्येकानं तेच उतरवून घेतलं, हे मला सर्वांत शक्य वाटतं. चित्रकारांनीही झेंडा पाहिला नाही, परिच्छेद वाचला. ज्यानं केसरीवाड्यातला झेंडा पाहिला त्यानं आठ कमळं काढली, ज्यानं गाइड वाचलं त्यानं सात तारे काढले. दोन तक्त्यांचं भांडण इथे मिटतं.

झेंडे प्रत्यक्ष समोर न पाहिल्यानं काय होतं, त्याचा एक किस्सा. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये लिश्टेनश्टाइनचा चिमुकला चमू आपला निळा-लाल झेंडा घेऊन आला आणि पाहतो तर हैतीवाल्यांच्या हातात हुबेहूब तोच. तोवर दोन्ही देशांना याचा पत्ताच नव्हता. पुढच्या वर्षी लिश्टेनश्टाइननं आपल्या झेंड्यावर सोनेरी मुकुट बसवला. समोरासमोर आल्याशिवाय झेंडे कळत नाहीत.

स्टुटगार्टच्या झेंड्याची खरी खूण मात्र कमळं नव्हेत, तर खालचे चंद्र-सूर्य. २००४ च्या सुमारास नंतरच्या काळातल्या रचनेचा एक तिरंगा 'हाच कामाबाईंचा मूळ झेंडा' म्हणून पुढे करण्यात आला होता. त्याचा निकाल लावायला फार विद्वत्ता लागत नव्हती. त्यावर चंद्र-सूर्य नव्हते.

या चंद्र-सूर्याचा अर्थ पुस्तकांत एका वाक्यात उरकलेला असतो : सूर्य हिंदूंचा, चंद्रकोर मुसलमानांची. झेंडा करणाऱ्यांच्या मनात एकोपा होता यात शंका नाही. पण आपल्याकडच्या माणसाला हे वाचताना थोडं खटकायला हवं, कारण ही जोडी त्यानं दुसरीकडे पाहिलेली असते. महाराष्ट्रात कुठल्याही जुन्या महादेवाच्या देवळाबाहेर, पाराखाली किंवा शेताच्या बांधावर, शेंदूर फासलेला एखादा वीरगळ सापडतो. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, आणि अगदी माथ्यावर सूर्य आणि चंद्रकोर. शिलाहारांच्या दानलेखांवर, गद्धेगाळ म्हणजे शापवचनाच्या दगडांवर हीच जोडी. जोवर चंद्र-सूर्य आहेत तोवर या वीराची कीर्ती राहो, हे दान चालू राहो, एवढा साधा त्याचा अर्थ. वाचता न येणाऱ्याला कळावा म्हणून तो दगडावर चित्रानं काढलेला.

भगूरला वाढलेल्या सावरकरांना वीरगळ माहीत नसतील असं मानणं कठीण. नेपाळचा झेंडा तर ही जोडी उघडपणे याच अर्थानं मिरवतो. जगातला तो एकटाच चौकोनी नसलेला राष्ट्रध्वज, एकावर एक दोन त्रिकोणी पताका, वर चंद्र, खाली सूर्य. ते आकाशात आहेत तोवर देश राहो. १९६२ पर्यंत त्या चंद्र-सूर्याला नाक-डोळेसुद्धा होते. आणि झेंडा हातात धरणाऱ्या बाईचं काय? पारशांच्या प्रार्थनांत खोर्शेद न्यायेश सूर्याची आणि माह न्यायेश चंद्राची. हिंदू-मुसलमान या दोनच खणांत अर्थ कोंबला की झेंडा उलगडणारी पारशी बाईच बाहेर राहते.

झेंड्याचे अर्थ बदलतात, आणि कधी ठरवून बदलले जातात. गांधीजींच्या १९२१ च्या झेंड्यात लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा इतरांचा अशी वाटणी होती. त्यावर तक्रारी आल्या, शिखांनी आपला रंग मागितला. १९३१ मध्ये काँग्रेसनं सात जणांची समिती नेमली. पटेल, आझाद, नेहरू, मास्टर तारासिंग, निमंत्रक पट्टाभि सीतारामय्या, शिवाय साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर आणि सेवादलाचे डॉ. ना. सु. हर्डीकर. या समितीनं शिफारस काय केली असेल? पूर्ण केशरी झेंडा, कोपऱ्यात तपकिरी चरखा. वारीत पताका धरणाऱ्याला तो ओळखीचा वाटला असता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईला अखिल भारतीय काँग्रेस समितीनं ती फेटाळली आणि तिरंगा ठेवला, पण रंगांचा धर्मांशी संबंध नाही असं स्पष्ट करून : केशरी धैर्य आणि त्यागाचा, पांढरा सत्य आणि शांतीचा, हिरवा श्रद्धा आणि पराक्रमाचा.

एक धागा राहिला. स्टुटगार्टच्या झेंड्याच्या चित्रांत सूर्य काही ठिकाणी डावीकडे असतो, काही ठिकाणी उजवीकडे. याचं कारण झेंडा या वस्तूतच आहे. त्याला दोन बाजू असतात आणि वारा कोणती दाखवील याचा भरवसा नसतो. मागून पाहिलं की चंद्र-सूर्य जागा बदलतात. चित्र सुलट आहे की नाही हे ओळखायचा उपाय मधल्या पट्ट्यावर आहे : अक्षरं नीट लागली तर पुढची बाजू. हीच अडचण २२ जुलै १९४७ ला संविधान सभेत नेहरूंनी चरख्याबद्दल सांगितली. चरख्याचं चाक एकीकडे, चाती दुसरीकडे. झेंड्याच्या दुसऱ्या बाजूनं सगळं उलटं दिसतं. म्हणून चरख्यातलं नुसतं चाक ठेवलं, आणि त्यासाठी अशोकाचं चक्र घेतलं, जे दोन्हीकडून सारखं. त्या झेंड्याच्या समितीत डॉ. आंबेडकरही होते.

कामाबाईंना ही चिंता करायचं कारण नव्हतं. स्टुटगार्टच्या त्या सभागृहात देवनागरी वाचता येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि ती बहुतेक व्यासपीठावरच्या बाईंच्या बरोबरची. झेंडा चुकून मागून धरला गेला असता, तरी रॅम्से मॅकडोनाल्ड यांना तो तितकाच खुपला असता.